दर उतरायच्या आधीचे पाच आठवडे: मोटार शोरूममधल्या एका सेल्स मॅनेजर बाईंचं प्रकरण

१५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटीतल्या मोठ्या बदलांची घोषणा केली. दिवाळीपर्यंत ते होतील असं सांगितलं. त्या दुपारपासून देशभरातल्या मोटार शोरूममध्ये एकच प्रश्न घुमू लागला, "मग थांबू का?" ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, गाड्यांवरच्या कराचे नवे, उतरलेले दर लागू झाले. मधल्या पाच-साडेपाच आठवड्यांत या धंद्यात कोणाच्या शब्दाला किती वजन आहे ते उघड झालं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये ते कसं उघड झालं, ते इथे मांडते आहे.

आधी खुलासा. शोरूम आणि त्यातली माणसं प्रशिक्षणासाठी रचलेली आहेत. या धंद्यात ठिकठिकाणी भेटणारे स्वभाव आणि अडचणी एका छताखाली आणल्या आहेत. तारखा, कराचे दर आणि कायदे मात्र जसेच्या तसे. बाईंना शोरूममध्ये सगळे मॅडम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पार्श्वभूमी

मॅडम इथे सीआरई (ग्राहक संपर्क प्रतिनिधी) म्हणून लागल्या. फोनवर चौकशा घ्यायच्या, टेस्ट ड्राइव्ह ठरवून द्यायची, गाडी दिल्यावर "सर, सगळं ठीक आहे ना?" विचारायचं. मोटारीच्या दुकानात बाई बहुधा अशाच खुर्च्यांवर दिसते: रिसेप्शन, सीआरई, विम्याचं रिन्यूअल, अकाउंट, कॅश. विक्रीच्या फ्लोअरवर कमी, वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून त्याहून कमी, आणि जीएमच्या (जनरल मॅनेजरच्या) केबिनमध्ये क्वचितच.

पण सीआरईच्या खुर्चीवरून एक गोष्ट दिसते, जी गाड्या विकणाऱ्या पोरांना दिसत नाही. गाडी गेल्यानंतर गिऱ्हाईक कशासाठी ओरडतं? नंबर प्लेट आली नाही, आरसी आली नाही, कबूल केलेली सीट कव्हरं मिळाली नाहीत, हप्ता सांगितल्यापेक्षा जास्त निघाला. हे ऐकून ऐकून शोरूमचं दुखणं कुठे आहे ते मॅडमना पाठ झालं. पुढे त्या टीम लीडर झाल्या, मग सेल्स मॅनेजर. बढती मिळाली, पण दोन दारं बंदच राहिली.

पहिलं दार संध्याकाळचं. आठच्या सुमाराला शटर खाली येतं आणि खरी मीटिंग तेव्हा सुरू होते. बँकेचा कार लोनवाला, विमा कंपनीचा माणूस, आरटीओची कामं बघणारा एजंट, जीएम साहेब, दोघे टीम लीडर आणि एखादा धाबा. तांबडा रस्सा येईपर्यंत कुठल्या रंगाच्या गाड्या येणार, कोणाची फाइल आधी पास होणार, कोण नोकरी सोडणार, हे सगळं ठरून गेलेलं असतं. मॅडम तेव्हा मिरजेला घरी. त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं, बोलावलंही नव्हतं. आणि गेल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा झाली असती.

दुसरं दार भर दिवसाचं. सगळं जमत आलं की गिऱ्हाईक खुर्ची मागे सरकवून विचारतं, "साहेब हाईत का? जरा बोलून घेतो." साहेब केबिनमधून येतात, पाठीवर थाप मारतात, फ्लोअर मॅट आणि परफ्यूम फुकट देऊन टाकतात. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. त्या गिऱ्हाइकाचा भाऊ पुढच्या वर्षी गाडी बघायला येतो, तो थेट केबिनकडेच जातो.

महिलांसाठीच्या कार्यशाळांमध्ये आत्मविश्वास वाढवा, ठामपणे बोला, असं सांगतात. सांगू दे. मॅडम ठाम बोलत होत्याच. पण फ्लोअरवर मान कोणाला, हे सवलत कोणाच्या सहीने मिळते त्यावर ठरतं. ते बदलल्याशिवाय आवाज चढवून काही होत नाही. ८ मार्चला फेटे बांधून बाइक रॅली झाली, केक कापला, गुलाब वाटले. ९ मार्चला सवलतीचा कागद होता तिथेच होता.

मॅडमनी साहेबांशी मानापमानाची भाषा केली नाही. आपण सौदा पक्का केल्यावर वरून काय काय दिलं गेलं, त्याची नोंद त्यांनी काही महिने ठेवली आणि ती रुपयांत मांडून दाखवली. छोट्या गाडीत डीलरला सुटणारं मार्जिन तसं तुटपुंजं असतं. त्यातून मॅट, कव्हर, फ्री पॉलिश वजा होत गेलं की काय उरतं ते साहेबांना कागदावर दिसलं. ठरलं असं: द्यायचं ते द्या, पण मॅडमच्या तोंडून जाऊ दे. साहेब हे समानतेसाठी कबूल झाले नाहीत, पैशासाठी झाले. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही.

ओळखी कुठे झाल्या

धाब्यावर जाता येत नाही, तर त्या माणसांना त्यांच्या कामाच्या जागी गाठायचं, एवढं मॅडमनी धरलं.

बँकेच्या कार लोन अधिकाऱ्याला पार्टीपेक्षा जास्त काय हवं असतं? पूर्ण फाइल. तासगावचा द्राक्षबागायतदार किंवा वाळव्याचा ऊसवाला गाडी घ्यायला येतो तेव्हा त्याच्याकडे फॉर्म १६ (नोकरदाराचा पगाराचा कर दाखला) नसतो. सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या बिलाच्या पासबुकातल्या नोंदी, सोसायटीचा बेबाकी दाखला, असलं तर जुन्या ट्रॅक्टर कर्जाचं खातं, हे सगळं एकदम लावून दिलं तर अधिकाऱ्याचे आठ दिवस वाचतात. मॅडमच्या टीमची फाइल अपुरी जात नसे. त्याहून महत्त्वाचं, कमजोर फाइल असेल तर त्या आधीच सांगत: "याचा सिबिल पडलाय, मागे क्रेडिट कार्डचं थकलं होतं, पण आता मिटलंय, पत्र सोबत आहे." त्यामुळे त्या जेव्हा म्हणत, "ही जरा बघा," तेव्हा अधिकारी खरंच बघत. ते शोरूममध्ये आले की आधी साहेबांच्या केबिनमध्ये जायचे, ते हळूहळू आधी मॅडमच्या टेबलाशी थांबू लागले.

यार्डातले मामा ही वेगळीच असामी. कुपवाडकडच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांची खरी हकीकत फक्त त्यांना माहीत. सिस्टिममध्ये गाडी तयार दिसते, प्रत्यक्षात तिची बॅटरी उतरलेली असते, टायरमध्ये हवा नसते, नाहीतर उंदरांनी बॉनेटखाली वायर कुरतडलेली असते. सेल्सची पोरं फोनवर मामांवर ओरडायची. मॅडम शनिवारी सकाळी चॅसिस नंबरांची यादी घेऊन स्वतः जायच्या, ऊन डोक्यावर येण्याआधी. मामा आधी म्हणायचे, "ताई, तुम्ही कशाला आलासा, फोन करायचा की." नंतर नंतर ट्रेलर उतरायच्या आधीच मॅडमना फोन यायला लागला.

अकाउंटच्या काकूंशी नातं डब्यातून जुळलं, कामातून घट्ट झालं. काकू वीस-बावीस वर्षं त्याच खुर्चीत. मालकांच्या वडिलांच्या काळापासूनच्या. मालक त्यांच्याशी बोलताना आवाज खाली ठेवतात. काकूंना पावती आणि बुकिंग फॉर्म जुळलेला लागतो. मॅडमच्या टीमचा जुळायचा. बस्स.

शिवाय सांगली, मिरज, कोल्हापूर भागातल्या वेगवेगळ्या ब्रँडच्या शोरूममध्ये काम करणाऱ्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे गाड्यांचे भाव कोणी फोडत नाही, तो नियमच आहे. पण कुठल्या शोरूममध्ये पगार वेळेवर होतात, कुठल्या फायनान्सच्या पोरापासून सांभाळून राहायचं, आरटीओत नवीन काय अडतंय, हे कळतं. त्यातल्याच एका धोक्याच्या सूचनेवरून मॅडम आणि काकूंनी शोरूममधली अंतर्गत समिती (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी) भिंतीवरून टेबलावर आणली. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती लागते आणि तिची प्रमुख वरिष्ठ पदावरची बाई असावी लागते. इथल्या फलकावर नाव होतं ते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या बाईंचं. त्रास देणारा माणूस बाहेरच्या फायनान्स कंपनीचा असला तरी मालकाला हात झटकता येत नाहीत, हेही तेव्हा मालकांना वाचून दाखवावं लागलं.

ऑगस्टची अखेर

आता मूळ प्रसंग. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. जीएसटी परिषदेची बैठक ३ आणि ४ सप्टेंबरला ठरलेली. छोट्या गाड्यांवरचा कर खाली येणार अशी बातमी सगळीकडे होती, पण निर्णय झाला नव्हता. आणि ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष. या भागात त्या पंधरवड्यात गाडी घरी आणणारं कुटुंब विरळा.

त्यामुळे बुकिंगवाल्यांचे दोन गट पडले. काहींना बाप्पाच्या दिवशी गाडी दारात हवी होती, भाव काहीही असो. बरेच जण दसऱ्याची वाट बघणारे. यातल्या कित्येकांचे पैसे पूर्ण जमा होते, काहींची कर्जं मंजूर होती.

जीएम साहेबांनी सांगितलं, "पैसे आलेत त्यांची बिलं फाडा. गाडी दसऱ्याला देऊ." महिन्याचं टार्गेट, कंपनीच्या एरिया मॅनेजरचे दिवसातून चार फोन, यार्डातल्या गाड्यांवर बँकेला जाणारं व्याज. साहेब दुष्ट नव्हते. परिषदेने काही ठरवलेलंच नाही, उद्या दर उतरलेच नाहीत तर काय, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. महिनाअखेरीला असं बिल फाडून ठेवणं या धंद्यात नवीन नाही.

गोम कायद्यात होती. दर बदलताना कुठला दर लागेल हे केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ ठरवतं. गाडीचा ताबा नव्या दराच्या तारखेनंतर दिला, पण बिल आणि पैसे दोन्ही आधीचे असले, तर जुना दर. पैसे आधी घेतले, पण बिल आणि ताबा दोन्ही नंतर, तर नवा दर. म्हणजे ऑगस्टमध्ये बिल फाडून दसऱ्याला गाडी घेणाऱ्याचं नुकसान अगदी पक्कं झालं असतं. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस (उपकर) होता. पुढे तो १८ टक्के झाला. एक्स-शोरूम ७ लाखांच्या गाडीला कंपनीची मूळ किंमत तीच धरली तर साधारण ६० हजारांचा फरक पडतो. ही रक्कम गमावलेलं सांगलीतलं कुटुंब तुमचं नाव पुढची दहा वर्षं हळदी-कुंकवात आणि बाजार समितीत काढत राहील.

बिलं थांबवायचा अधिकार मॅडमना नव्हता. त्या साहेबांकडे गेल्या, म्हणणं मांडलं. साहेबांनी ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी साहेबांना सांगितलं, "मी हे मालकांसमोर मांडणार आहे. तुम्ही असताना मांडेन." प्रशिक्षणात हे प्रकरण चर्चेला घेतलं की कोणीतरी म्हणतं, हे वरिष्ठांना डावलणंच झालं. मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण ते दुसरं वाक्य आहे. पाठीमागून गेल्या असत्या तर मालकांनी त्या दिवशी ऐकलं असतं आणि पुढे कधीच विश्वास ठेवला नसता.

मालकांच्या केबिनमध्ये मॅडम स्वतः फार कमी बोलल्या. काकूंनी कलमाची छापील प्रत समोर ठेवली आणि ग्राहक आयोगात प्रकरण गेलं तर बुकिंग फॉर्मवरच्या तारखा काय सांगतील ते दाखवलं. बँकेच्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं की बिलावर कर्ज वितरित झालं की व्याज चालू होतं. गाडी महिन्याने मिळणार असेल तर हप्ता आणि भांडण दोन्ही आधी सुरू होतील. मामांच्या यादीवरून कळलं की ज्यांची बिलं फाडायची म्हणत होते त्यातल्या काही गाड्या अजून यार्डात आलेल्याच नव्हत्या. तिघांपैकी कोणीही मॅडमचं देणं लागत नव्हतं. आपापल्या कामातलं सत्य सांगायला ते तयार झाले, कारण मॅडमनी त्यांना कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

मालकांनी ठरवलं: ज्याला जे माहीत आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं आणि त्याची निवड सहीने घ्यायची. चतुर्थीला हवी त्याला आजच्या दराने, समजून-उमजून. दसऱ्याला हवी त्याचं बिल तेव्हाच.

किंमत

हा निर्णय फुकट नव्हता. शोरूमचा ऑगस्ट पडला. यार्डातल्या गाड्यांचं व्याज मालकांना सोसावं लागलं, आणि मोठ्या गाड्यांवरच्या सेसचं जमा क्रेडिट (खरेदीवेळी भरलेला, पुढे वळता करायचा कर) २२ सप्टेंबरनंतर वापरता येणार नाही ही वेगळी डोकेदुखी. ती तर देशभरातल्या डीलरांची होती, फाडा ही त्यांची संघटना सरकारकडे दाद मागत होती. पण जास्त झळ बसली मॅडमच्या टीमला. इन्सेंटिव्ह बिलावर असतो, बुकिंगवर नाही. गणपतीच्या महिन्यात पोरांच्या हातात नुसता पगार आला. एक चांगला पोरगा चिडून समोरच्या शोरूममध्ये गेला, जाताना ऐकवून गेला की "तुमच्या इमानदारीचा हप्ता आम्ही भरायचा का?" त्याचं चूक नव्हतं. मॅडमनी मालकांकडे त्या महिन्याच्या इन्सेंटिव्हची मागणी त्याच दिवशी, त्याच बैठकीत करायला हवी होती. ती त्यांनी सप्टेंबरात केली. मान्य झाली, पण तोवर पोरगा गेला होता.

२२ सप्टेंबरला दार उघडायच्या आधी बाहेर माणसं उभी होती. मारुती सुझुकीने त्या एका दिवसात देशभरात सुमारे ३० हजार गाड्या दिल्याचं सांगितलं, त्यावरून बाकीच्यांची धांदल समजावी. गाड्या कमी, ट्रेलर मिळेनात, २ ऑक्टोबरचा दसरा सगळ्यांना हवा. आता प्रश्न उलटा झाला: कोणाला आधी? मॅडमनी बुकिंगच्या तारखेचा क्रम भिंतीवर लावला. मामांनी तो पाळला, कारण यादीवर त्यांचीही सही होती. साहेबांना कारखान्याच्या एका संचालकांचा फोन आला आणि एक गाडी क्रम मोडून गेली. मॅडमनी त्यावर रान उठवलं नाही. मागे सरकलेल्या शिक्षिकेला स्वतः फोन करून कारण सांगितलं आणि विजयादशमीच्या सकाळचा पहिला मुहूर्त दिला. इथे त्यांनी भांडायला हवं होतं असं म्हणणारे भेटतात. मी म्हणेन, एका गाडीवर तो डाव लावण्यासारखा नव्हता. पण मतभेदाला जागा आहे.

चतुर्थीला जुन्या दराने गाडी नेलेल्यांपैकी एक गृहस्थ तावातावाने आले. त्यांची सही दाखवली. "व्हय, आमच्या मंडळींनीच हट्ट केला होता," म्हणून चहा पिऊन गेले. दसऱ्यापर्यंत थांबलेल्यांनी मात्र पाव्हण्यारावळ्यांना मॅडमचा नंबर दिला. दिवाळीच्या आठवड्यात चौकशीला आलेली माणसं रिसेप्शनवर विचारत होती, "त्या मॅडम कुठायत?" जीएम साहेबांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एका अडलेल्या कर्जाच्या फाइलीसाठी मॅडमनाच बँकेत फोन लावायला सांगितलं.

पुढे

डिसेंबरात मालकांनी मॅडमना जतला निघणारी नवीन शाखा सांभाळायला सांगितलं. पद शाखाप्रमुखाचं, पगार वाढीव. सवलतीची शेवटची सही मात्र सांगलीतच राहणार होती.

मॅडमनी दोन दिवसांनी लेखी उत्तर दिलं. मागण्या तीन. सवलतीच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत सही शाखेतच व्हावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर काम असेल तर ते बाईच्या संमतीनेच आणि घरापर्यंत गाडी देऊन. ते शाखेतल्या प्रत्येक बाईला लागू असावं, फक्त प्रमुखाला नाही. आणि विक्रीच्या फ्लोअरवरच्या पहिल्या भरतीत सीआरई म्हणून काम करणाऱ्या दोघींना संधी मिळावी.

मालकांनी पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीवर साहेबांचं म्हणणं पडलं की जतच्या रस्त्यांवर पोरींना टेस्ट ड्राइव्हला पाठवणं जोखमीचं आहे. त्यावर मॅडमनी विचारलं की टेस्ट ड्राइव्हला दोन माणसं पाठवायची पद्धत सांगलीत आहे, ती जतला का नको. दोघींपैकी एकीची भरती झाली. दुसरीचा अर्ज मालकांच्या टेबलावर आहे, आणि मॅडम दर सोमवारी त्याची आठवण करून देतात.